डिस्टन्स रिलेच्या नोंदीवरून लाइनवरील दोषाची जागा कशी शोधावी
२२० केव्हीची लाइन ट्रिप झाली (दोषामुळे आपोआप बंद पडली) की डिस्टन्स रिलेच्या, म्हणजे व्होल्टेज आणि करंटवरून दोषाचे अंतर ओळखणाऱ्या संरक्षक उपकरणाच्या, पडद्यावरचा किलोमीटरचा आकडा तसाच गस्तीच्या पथकाला कळवू नये. आधी फॉल्ट रेकॉर्ड (दोषाच्या क्षणी रिलेने टिपलेली नोंद) उतरवून दोष कोणत्या फेजवर आणि जमिनीशी झाला की दोन फेजमध्ये, हे पाहावे.

अंतर रिअॅक्टन्सवरून (लाइनच्या इंडक्टन्समुळे एसी करंटला होणारा, लांबीबरोबर वाढणारा अडथळा) काढावे, कारण ठिणगीचा आणि टॉवरच्या पायथ्याचा रेझिस्टन्स एकूण इम्पिडन्स (रेझिस्टन्स व रिअॅक्टन्स मिळून होणारा अडथळा) फुगवतो. समजा, सेकंडरी, म्हणजे रिलेला दिसणारा, रिअॅक्टन्स ४.९६ ओहम आहे, पीटीचे (रिलेसाठी व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) गुणोत्तर २००० आणि सीटीचे (करंट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) ८००. तर पीटीच्या गुणोत्तराने गुणून सीटीच्या गुणोत्तराने भागल्यावर प्रायमरी, म्हणजे लाइनवरचा प्रत्यक्ष, रिअॅक्टन्स १२.४ ओहम येतो आणि लाइनचा रिअॅक्टन्स दर किलोमीटरला ०.४ ओहम असल्यास दोष ३१ किलोमीटरवर ठरतो.

मग दुसऱ्या टोकाच्या उपकेंद्राकडून तिथले अंतर मागवावे आणि दोन्हींची बेरीज लाइनच्या लांबीशी ताडून पाहावी. मला हीच पडताळणी सर्वांत मोलाची वाटते. जमिनीशी झालेल्या दोषात बेरीज जुळत नसेल, तर रिलेत भरलेला झीरो सिक्वेन्स भरपाईचा गुणक (जमिनीतून परतणाऱ्या करंटसाठी अंतराच्या हिशेबात करायची दुरुस्ती) आणि त्याच टॉवरवरील समांतर सर्किटचा परिणाम आधी तपासावा.

टॉवर क्रमांक काढताना सरासरी स्पॅनने (दोन टॉवरमधील अंतराने) भागू नये, टॉवर शेड्यूलमधील (टॉवरांच्या यादीतील) प्रत्यक्ष स्पॅन मिळवत जावे, कारण घाटात दरी ओलांडणारा एकच स्पॅन हिशेब बिघडवतो. त्या टॉवरच्या दोन्ही बाजूंना दुर्बिणीने इन्सुलेटरच्या डिस्कवरचा काळपट डाग, कंडक्टरवरचा चकाकता जळका ठिपका किंवा खालच्या झाडाचा करपलेला शेंडा शोधावा, आणि परमिट (कामाची लेखी परवानगी) व अर्थिंग (लाइन जमिनीला जोडणे) झाल्याशिवाय लाइन जिवंतच, म्हणजे वीज असलेली, समजावी.