बॉल पायथनची जोडी लावताय? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडून नव्या पाळणाऱ्याचा फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, "जोडी घेतलीय, अंडी कधी येतील?" कागद विचारले की पलीकडे शांतता. पहिली चूक तिथंच झालेली असते.

बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर, साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टातला. 2022 च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये आले. साप ताब्यात असणं, दुसऱ्याला देणं, पिल्लं होणं, साप मरणं, या सगळ्याची नोंद परिवेश या सरकारी पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. 2024 च्या नियमांनी ही पद्धत ठरवून दिली. विक्रेत्याची पावती म्हणजे नोंदणी नव्हे. सापाच्या आधी त्याचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. आईबापांची नोंद नसेल, तर पिल्लांची कशाच्या आधारावर करणार?

याहून गंभीर चूक आपल्याच मातीतली. बत्तीस शिराळ्याच्या भागात मला एकानं विहिरीतून काढलेली पांढरट धामण दाखवली, "हिच्यापासून मॉर्फ काढू." मॉर्फ म्हणजे वेगळ्या रंग-नक्षीचा प्रकार. नाही काढायचा! धामण, नाग, अजगर, मांडूळ हे आपले संरक्षित साप. रंग कितीही दुर्मीळ असो, वन विभागाला कळवायचं आणि साप त्यांच्या हवाली करायचा.

आता रंगांचं गणित. अल्बिनोचा (काळं रंगद्रव्य नसलेल्या सापाचा) जनुक अप्रभावी असतो, म्हणजे तो आई आणि बाप दोघांकडून आला तरच रंग दिसतो. एकाकडूनच आला तर साप साधा दिसतो, पण जनुक बाळगतो; त्याला 'हेट' म्हणतात. दोन 'हेट' सापांची जोडी लावली, तर प्रत्येक अंड्याला अल्बिनो निघण्याची शक्यता चारात एक. म्हणजे चार अंड्यांत एक हमखास, असं नाही. सहा अंडी आली तरी एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता साधारण 18 टक्के असते. अशा जोडीची साधी दिसणारी पिल्लं '66 टक्के हेट' म्हणून विकतात, कारण त्यांत सरासरी तिघांत दोन हेट असतात. त्यातलं कुठलं खरंच हेट आहे, हे नुसतं बघून कळत नाही. 'हेट' म्हणून जादा पैसे मोजण्याआधी आईबापांचे फोटो आणि नोंदी मागा.

स्पायडर मॉर्फची जोडी मात्र लावूच नका. नक्षी सुंदर, पण त्याच जनुकाबरोबर डोकं डुगडुगणं येतं, काही साप उलटे वळतात, भक्ष्यावर झडप चुकते. आतल्या कानाच्या सदोष रचनेशी याचा संबंध आहे. निवड कितीही काळजीनं करा, हा दोष जात नाही. 'सुपर सिनॅमन' या मॉर्फमध्येही वाकडा कणा आणि चपटं तोंड दिसतं.

मादी दीड किलोच्या आसपास भरल्याशिवाय जोडी नको. नर-मादी जाणकाराकडून तपासून घ्या; दोन माद्यांची 'जोडी' सांभाळणारे मी पाहिलेत.

हिवाळ्यात जोडी लावली, की अंडी आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात येतात. त्यांना 31-32 अंश लागतात, आणि साधा इन्क्युबेटर फक्त गरम करतो, थंड करत नाही. पत्र्याच्या खोलीत ठेवलेला माझा पहिला क्लच (एका वेळची अंडी) मे महिन्यात असाच गेला. तळमजल्यावरची सर्वांत गार खोली निवडा. आत पाण्याच्या बाटल्या ठेवल्या की वीज गेल्यावरही तापमान सावकाश बदलतं. अंड्यावर पेन्सिलीनं वरची बाजू खुणावा, नंतर उलटू नका. सुरुवातीलाच अंडं पिचकलं तर ओलावा कमी आहे. पन्नास दिवसांनंतर पिचकलं तर पिल्लू बाहेर यायची वेळ जवळ आलीय, हात लावू नका.