लाकडी जहाजाचं पहिलं मॉडेल: पट्टी वाकवण्याआधी मोजा

शिडाच्या जहाजाचं लाकडी मॉडेल अर्ध्यावर सोडलेली जी माणसं मला भेटली, त्यांतली बहुतेक एकाच ठिकाणी अडकली होती. सांगाडा उभा राहिला, डेक बसला, सांगाडा झाकणाऱ्या लाकडी पट्ट्यांपैकी वरच्या चार-पाचही छान लागल्या. मग नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, पट्टीची एक कड उचलायला लागली. दाबली की दुसरीकडून उचलायची. टाचणी ठोकली की चिरायची. पुढे खोका माळ्यावर गेला तो गेलाच. माझंही पहिलं मॉडेल तिथेच थांबलं होतं. म्हणून या लेखात सोपे टप्पे भरभर सांगतो आणि त्या एका जागी मुक्काम करतो.

किट कोणतं घ्यावं

पहिलं किट नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ या युद्धनौकेचं घेऊ नका. १०४ तोफांचं, तीन डोलकाठ्यांचं ते जहाज खोक्यावर फार देखणं दिसतं, पण एकच चूक तिथे शंभर वेळा करावी लागते आणि शंभर वेळा निस्तरावी लागते. ‘आवडतं ते घ्या, आवड असली की होतं’ हा सल्ला मला पटत नाही. आवड असलेल्यांचीच किटं माळ्यावर पडून आहेत.

एका डोलकाठीचं काहीतरी घ्या. ‘मॉडेल शिपवेज’ या कंपनीचा तीन किटांचा नवशिक्यांसाठीचा संच आहे, तो मी डोळे मिटून सुचवतो. पहिली डोरी, म्हणजे कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सच्या उथळ समुद्रात कॉड मासे पकडायला वापरत ती सपाट बुडाची होडी. तिच्या फळ्या लेझरने कापूनच येतात. दुसरी नॉर्वेजियन प्रॅम, एक छोटी होडी, जिच्यात एका फळीवर दुसरी चढवायची असते. तिसरा लॉब्स्टर स्मॅक, म्हणजे शेवंड पकडायची शिडाची होडी. तिथे सांगाडा, फळ्या, डोलकाठी, दोर सगळं येतं. संच नको असेल तर अमाती कंपनीच्या ‘लेडी नेल्सन’सारखं कटर, म्हणजे एका डोलकाठीचं छोटं जहाज, घ्या. त्याला फळ्यांचे दोन थर असतात. पहिला थर चुकला तरी घासून, भरून त्यावर दुसरा चढतो. पहिल्या मॉडेलला ही सवलत असलेली बरी.

खोका उघडला त्याच दिवशी यादी घेऊन सगळे भाग मोजा. कमी असलेला भाग सहा महिन्यांनी मागितला तर कोणी लक्ष देत नाही.

सांगाडा

प्लायचा कणा काचेवर ठेवून सरळ आहे का बघा. बाक असेल तर आताच काढा, नंतर तो निघत नाही. आडवे बल्कहेड, म्हणजे जहाजाच्या आडव्या छेदाच्या आकाराचे प्लायचे तुकडे, कण्याला काटकोनात चिकटवा. गुण्या छोट्या जागेत मावत नसेल तर मुलांचे लेगोचे ठोकळे दोन्ही बाजूंनी लावा, त्यांचे कोन अचूक असतात. पांढरा फेविकॉल वापरा आणि रात्रभर हात लावू नका. डेक सूचनापत्रकाप्रमाणे बसवा.

बल्कहेडच्या कडा उतरत्या करणे

इथून सावकाश. बल्कहेड कापून येतात तेव्हा त्यांच्या कडा सरळ असतात. जहाज मात्र नाळेकडे आणि पिछाडीकडे निमुळतं होत जातं. म्हणजे पट्टी त्या कडेवर तिरकी येणार आणि फक्त एका धारेवर टेकणार. ती पूर्ण रुंदीवर टेकावी म्हणून कड तिरकी घासायची. मधल्या बल्कहेडच्या पुढे जे आहेत त्यांची पुढची धार घासायची, मागे जे आहेत त्यांची मागची. उरलेल्या धारेला हात लावायचा नाही, जहाजाचा खरा आकार तिच्यात आहे. लेझरने जळलेला काळा थरही घासून काढा, त्यावर चिकट नीट धरत नाही.

एकेक बल्कहेड सुटा घासत बसू नका. फूटभर लांबीच्या सपाट लाकडी पट्टीला ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि एका वेळी तीन-चार बल्कहेडवरून फिरवा. नाळेपाशी पहिल्या दोन बल्कहेडच्या मधल्या पोकळीत बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरून तेही त्याच ओघात घासा. सूचनापत्रकात नसलं तरी भरा. पट्टीला सगळ्यात जास्त वळण तिथेच असतं आणि टेकायला तिथेच काही नसतं.

मग परीक्षा. किटमधली एक पट्टी हाताने सांगाड्यावर धरा, मधल्या बल्कहेडपासून नाळेपर्यंत. प्रत्येक बल्कहेडवर ती पूर्ण रुंदीने टेकली पाहिजे. कुठे फट दिसली तर त्या कडेवर पातळ काप चिकटवा, कुठे टेंगूळ आलं तर घासा. पट्टी दहा वेगवेगळ्या उंचींवर धरून बघा.

माझ्या दुसऱ्या मॉडेलच्या वेळी मी हे उरकून टाकलं. दुसरा थर लागला की झाकलं जाईल असं वाटलं होतं. झाकलं गेलं नाही. वॉर्निश लावलं, संध्याकाळी टेबलावरच्या दिव्याचा उजेड बाजूने पडला आणि तिसऱ्या बल्कहेडपाशी एक खळगा उभा दिसायला लागला, बोट फिरवलं की लागेल एवढा. तो आजही तसाच आहे. या कामाला मी आता दोन-तीन संध्याकाळी देतो.

पट्ट्या: आधी माप, मग कापणं, मग वाकवणं

स्टीलची फूटपट्टी हातात घ्या. सपाट बाजूने ती सहज वाकते. आता ती कडेवर उभी धरून वाकवून बघा. वाकत नाही. लाकडाची पट्टीही तशीच आहे. जहाजाच्या पोटाशी समांतर ती आनंदाने वळते, पण रुंदीच्या अंगाने, म्हणजे वर किंवा खाली, जवळजवळ वळत नाही. नवशिका तिला शेजारच्या पट्टीला चिकटवण्यासाठी त्याच दिशेने ओढतो आणि कड उचलते. पट्टी वाईट नसते, चिकट कमी नसतं, चिमटे कमी नसतात. पट्टीची रुंदी चुकलेली असते.

कारण साधं आहे. जहाजाच्या मधोमध डेकपासून कण्यापर्यंतचा घेर मोठा, नाळेपाशी लहान. पट्ट्यांची संख्या दोन्हीकडे तेवढीच. मग नाळेपाशी प्रत्येक पट्टी अरुंद हवी. खरी जहाजं बांधणारेही फळ्या टोकाकडे निमुळत्या करत. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखालच्या सुतारांनी १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानाची ट्रिंकोमाली बांधली (ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे), त्यांच्याही पुढे हाच हिशेब होता. आपल्याला तो कागदाच्या पट्टीवर करता येतो.

डेकच्या पातळीवरची पहिली पट्टी न कापता, सबंध लावा. ती दोन्ही बाजूंना एकाच उंचीवर आहे ना, हे समोरून बघा. आता कागदाची अरुंद पट्टी घेऊन मधल्या बल्कहेडवर त्या पट्टीच्या खालच्या कडेपासून कण्यापर्यंत वळणाने चिकटून न्या, खूण करा, सरळ करून मोजा. समजा १०० मिमी आलं आणि किटमधली पट्टी ५ मिमी रुंद आहे. म्हणजे २० पट्ट्या. हेच माप नाळेशी घ्या. समजा ५६ मिमी आलं. ५६ भागिले २०, म्हणजे २.८ मिमी. मध्ये ५ मिमी असलेली पट्टी नाळेपाशी २.८ मिमी व्हायला हवी. असंच प्रत्येक बल्कहेडवर माप घ्या, वीसने भागा आणि पेन्सिलने बल्कहेडच्या कडेवर खुणा करा.

वीस खुणांनी डोळे फिरत असतील तर आधी पाच-पाच पट्ट्यांचे चार पट्टे पाडा. त्यांच्या सीमांवर काळा दोरा नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणून चिकटपट्टीने धरा. मग जहाज डोळ्यांच्या उंचीवर उचलून समोरून बघा. दोरा कुठे ठेचकाळतोय का? डोळ्याला पटेपर्यंत तो सरकवा. मोजमाप इथे चाकरी करतं, शेवटचा शब्द डोळ्याचा. खुणा दोऱ्याप्रमाणे सुधारून घ्या.

दोन बंधनं पाळा. एक, पट्टी निम्म्यापेक्षा जास्त अरुंद करायची नाही. ५ मिमीची पट्टी २.५ मिमीच्या खाली गेली की टोक कमकुवत होतं आणि चिरतं. हिशेब त्याखाली जात असेल तर नाळेपाशी दोन पट्ट्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्या. दोन, पिछाडीला बऱ्याचदा उलट होतं, घेर वाढतो. तिथे पट्ट्या पसरवून फट भरू नका. पट्ट्या जशा पडतात तशा पडू द्या आणि उरलेल्या जागेत निमुळती पाचर बसवा.

कापताना डाव्या-उजव्या बाजूची जोडी एकत्र धरा, म्हणजे दोन्ही सारख्या होतात. धारदार कटरने खुणेच्या किंचित बाहेरून कापा, उरलेलं छोट्या रंध्याने किंवा पॉलिश पेपरने काढा. पट्टी अरुंद व्हायला सुरुवात जिथून माप कमी होतं तिथून करा. सगळी उतरण शेवटच्या दोन इंचांत कोंबली तर तिथेच कड उचलेल.

आणि आता वाकवा. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि गरम इस्त्रीच्या कडेवरून हळूहळू ओढत वळण द्या. वळण देते ती मुख्यतः उष्णता, पाणी लाकूड करपू देत नाही. तासन्‌तास भिजत घालू नका, लाकडाच्या रेषा फुगून उभ्या राहतात. वळलेली पट्टी चिकट न लावता जहाजावर कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. ओली पट्टी चिकटवली की वाळताना आक्रसते आणि सकाळी प्रत्येक दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट दिसते. पावसाळ्यात दोन रात्री द्या.

फेविकॉल बल्कहेडच्या कडेवर आणि शेजारच्या पट्टीच्या कडेवर, दोन्हीकडे लावा. फेविक्विक फक्त थेंबापुरतं, पकड धरण्यासाठी, तेही खिडकी उघडी ठेवून. ते लाकडात मुरलं तिथे रंग आणि वॉर्निश धरत नाही. टाचणी लावायची तर आधी बारीक भोक पाडा. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे, असं आलटून पालटून जा. एकाच बाजूच्या पट्ट्या लावत गेलात तर कणा त्या बाजूला वळतो आणि मग कशानेही सरळ होत नाही.

कण्यालगतच्या सगळ्यात खालच्या पट्टीबद्दल वेगळं सांगतो, कारण तिने मला सगळ्यात जास्त रडवलं. तिचं पुढचं टोक कण्याच्या वळणाबरोबर वर चढवण्याचा मोह होतो. चढवू नका. पहिल्या-दुसऱ्या बल्कहेडच्या आसपास तिला संपवा. ती वर चढली की तिच्यावरच्या प्रत्येक पट्टीला नाळेपाशी जागाच उरत नाही आणि वीस पट्ट्यांचा तुमचा हिशेब तिथल्या तिथे मोडतो. किटच्या चित्रात ती बऱ्याचदा उंच काढलेली असते. चित्रापेक्षा तुमच्या खुणा खऱ्या.

दिवसाला एक जोडी झाली तरी चांगली प्रगती समजा.

दुसरा थर, डोलकाठी, दोर

पहिला थर १०० पासून २४० नंबरपर्यंत घासा. फटी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरा. डोळे मिटून तळहात फिरवा, जे डोळ्यांना दिसत नाही ते हाताला लागतं. दुसरा थर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पातळ असतो. त्याला तोच हिशेब, पुन्हा नव्याने. नंतर घासायला २४० च्या खाली उतरू नका, आरपार जाल.

डोलकाठीची दांडी ड्रिल मशीनमध्ये धरून पॉलिश पेपरने निमुळती करा. कप्प्या डोलकाठीला आणि आडव्या काठ्यांना त्या टेबलावर असतानाच बांधा. उभ्या केल्यावर बोटं पोचत नाहीत.

दोरांत डोलकाठी धरून ठेवणारे स्थिर दोर गडद रंगाचे घ्या, कारण ते डांबराने माखलेले असत. शिडं हलवणारे दोर फिकट. शिडीसारखे आडवे दोर १:५० प्रमाणाच्या मॉडेलवर साधारण ७ मिमी अंतराने येतात. रेघा मारलेला कागद मागे धरा आणि बांधत जा. ताण सगळीकडे सारखा ठेवा. आडवे दोर जास्त ओढले तर उभे दोर कमरेसारखे आत येतात.

शिडं नाही लावली तरी चालतं. किटमधलं कापड या प्रमाणाला बहुतेक वेळा जाड असतं आणि ते लावलं की मागचं सगळं काम झाकलं जातं. काचेची पेटी मात्र जहाज पुरं होण्याआधीच सांगून ठेवा. माप घेताना सगळ्यात पुढे आलेल्या काठीच्या टोकापासून घ्या आणि प्रत्येक बाजूला चार बोटं जागा जास्त सोडा. दोरांवर बसलेली धूळ मऊ ब्रशने निघते, पण महिनाभर उघडं राहिलं तर तिला चिकटपणा येतो आणि ब्रशबरोबर गाठीही सुटून येतात.