परवान्याचे रिव्हॉल्व्हर घेताना आणि विकताना

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्र घ्यायचे असेल, तर आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून शस्त्रपरवाना मिळवावा. चोरून मिळणारा गावठी कट्टा हातातच फुटू शकतो आणि बाळगणाऱ्याला तुरुंगात धाडतो, म्हणून त्याच्या वाटेलाही जाऊ नये. नवख्याने, माझ्या मते, .३२ बोरचे (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रिव्हॉल्व्हरच घ्यावे. जुने घेताना नळी जमिनीकडे ठेवून चक्री (गोळ्या बसतात तो फिरता भाग) उघडावी, गोळीचे प्रत्येक घर रिकामे असल्याची बोटाने चाचपून खात्री करावी, बंद केलेली चक्री डुगडुगते का ते पाहावे आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्यातील नोंदीशी अंक न् अंक ताडून घ्यावा. विकणाऱ्याने, गिऱ्हाईक भाऊबंदांतले असले तरी, त्याचा परवाना पाहून आणि ४५ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवूनच शस्त्र हाती द्यावे.