गाडी इलेक्ट्रिक करण्यापूर्वी: बॅटरीच्या खर्चाची तयारी

जुन्या छोट्या गाडीचे इंजिन उतरवून ती विजेवर चालवायची ठरली, की पहिला प्रश्न बॅटरीच्या किमतीचा येतो आणि बहुतेक जण त्याचे उत्तर सेलच्या, म्हणजे ज्या सुट्या घटकांची बॅटरी बनते त्यांच्या, दरात शोधतात. ते उत्तर अपुरे असते. मागच्या वेळी माझ्या दरपत्रकात बीएमएसची, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणाऱ्या व्यवस्थापन यंत्रणेची, स्वतंत्र ओळ नव्हती आणि मी ती मागितली नाही. पुढे बंद केलेली बॅटरीची पेटी पुन्हा उघडून ती यंत्रणा बदलावी लागली आणि खर्च दोनदा झाला. म्हणून ही यादी ठाणे आणि नवी मुंबईत मारुती ८०० किंवा अल्टोच्या आकाराची गाडी बदलू पाहणाऱ्यांसाठी लिहीत आहे. बीएमएस हा शब्द तीत वारंवार येईल. तो मुद्दामच आणला आहे.

सर्वांत आधी कागदावर गरज मांडावी. गाडीची जास्तीत जास्त धाव किती हे इथे विचारायचेच नाही. रोजचे अंतर, वाटेतले चढ आणि कोंडी यांचा विचार करायचा. कासारवडवलीहून महापे किंवा ऐरोलीला रोज जाणाऱ्याने येण्याजाण्याचे अंतर, मधले एखादे काम आणि अडकलेल्या रस्त्यामुळे घ्यावा लागणारा वळसा धरून दिवसाला ७० किलोमीटर मोजावेत. छोट्या हलक्या गाडीला एसीसह किलोमीटरला सुमारे १२० वॉट-तास लागतात असे धरले, तर दिवसाची गरज ८.४ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलातली ८.४ युनिट, होते. पण बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नसते, म्हणून क्षमतेचा ८० टक्के भागच वापरात धरावा. शिवाय काही वर्षांनी तिची क्षमता पाचव्या हिश्शाने कमी होईल, तेव्हाही काम भागले पाहिजे. ८.४ ला दोनदा ०.८ ने भागले की १३ किलोवॉट-तासांच्या थोडे वर उत्तर येते. व्यवहारात १०० अँपिअर-तासांचे ४८ सेल एकामागोमाग जोडले, की १५३.६ व्होल्ट आणि १५.३६ किलोवॉट-तासांची बॅटरी तयार होते आणि ती या गरजेला पुरते. हा आकडा योग्य पट्ट्यात आहे का, हे तयार गाड्यांकडे पाहून ताडता येते: एमजी कॉमेटमध्ये १७.३, तर टियागो इलेक्ट्रिकच्या छोट्या आवृत्तीत १९.२ किलोवॉट-तासांची बॅटरी आहे आणि या दोन्ही गाड्या मारुती ८०० पेक्षा बऱ्याच जड आहेत. यापेक्षा फार मोठी बॅटरी कोणी गळ्यात मारत असेल, तर कारण विचारावे. फार लहान सुचवत असेल, तर दुसरीकडे जावे.

रसायनाबाबत फार वेळ घालवू नये. लेड-ॲसिड स्वस्त दिसते, पण तेवढीच ऊर्जा साठवायला साडेचारशे किलोंच्या आसपास वजन लागते, त्यातली निम्मीच नीट वापरता येते आणि साडेसहाशे किलोंच्या गाडीचे स्प्रिंग व ब्रेक त्या वजनासाठी बनवलेले नसतात. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, तेच घ्यावे. ते उष्णता अधिक सहन करते आणि ठाण्याच्या एप्रिल-मेमध्ये उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हा गुण धावेपेक्षा महत्त्वाचा आहे. कोणाच्या तरी गाडीतून निघालेले वापरलेले सेल स्वस्तात मिळतात. ते घेऊ नयेत.

दराकडे येऊ. वर्तमानपत्रांत बॅटरी स्वस्त झाल्याच्या बातम्या येतात आणि त्या खोट्या नसतात: ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीत २०२४ साली लिथियम-आयन पॅकचा, म्हणजे सेल जोडून तयार केलेल्या बॅटरीचा, जागतिक सरासरी दर किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होता, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने साधारण ९,७०० रुपये. मात्र ही सरासरी मोठ्या कारखान्यांच्या घाऊक खरेदीची आहे. वागळे इस्टेटमधल्या किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये एक पॅक मागणाऱ्याला तो दर मिळत नाही. उदाहरणापुरता १५,००० रुपये दर धरला, तर १५.३६ किलोवॉट-तासांचे २,३०,४०० रुपये होतात. त्यावर सुट्या लिथियम-आयन बॅटरीचा १८ टक्के जीएसटी ४१,४७२ रुपये, म्हणजे एकूण २,७१,८७२. इलेक्ट्रिक गाडीवर आणि तिच्या चार्जरवर ५ टक्के जीएसटी आहे हे ऐकून अनेक जण बॅटरीलाही तोच धरतात आणि ऐन बिलाच्या वेळी अडकतात. प्रत्येक दरपत्रकात कर धरलेला आहे की नाही, हे लेखी घ्यावे आणि त्याच कागदावर बीएमएसचे नाव, कमाल अँपिअर व किंमत वेगळ्या ओळीत लिहून मागावी. "बीएमएस आतच आहे" हे उत्तर स्वीकारू नये. आत काय आहे, तेच तर आपल्याला विचारायचे असते.

त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण सगळा पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. ४८ सेल एका ओळीत असतात, तेव्हा त्या ओळीची क्षमता सर्वांत कमजोर सेलएवढीच असते. ४७ सेल भरलेले असले तरी अठ्ठेचाळिसावा रिकामा झाला, की गाडी थांबलीच पाहिजे, नाहीतर तो सेल कायमचा जातो. एलएफपीचा सेल ३.६५ व्होल्टच्या वर भरायचा नसतो, म्हणून चार्जर १७५.२ व्होल्टला थांबेल असा लावतात. पण चार्जरला फक्त बेरीज दिसते. सेलमध्ये असमतोल असेल, तर बेरीज १७५.२ च्या आत असतानाच एखादा सेल मर्यादा ओलांडून गेलेला असतो. हे पाहणारी एकमेव यंत्रणा बीएमएस आहे आणि तिला ते दिसल्यावर चार्जर थांबवण्याची सोयही हवी, म्हणजे बीएमएस आणि चार्जर यांच्यात संदेशाची तार हवी. तशीच तार कंट्रोलरकडेही, म्हणजे मोटरला जाणारी वीज कमीजास्त करणाऱ्या यंत्राकडेही, हवी. ती नसेल, तर कमजोर सेल पाहून बीएमएस सरळ वीज तोडते; गायमुखच्या चढावर, मागे कंटेनरची रांग असताना गाडीची ओढ अचानक जाणे हा जिवाशी खेळ आहे. तार असेल, तर आधी ताकद कमी होते, चालकाला इशारा मिळतो आणि गाडी कडेला घेता येते. बीएमएस, चार्जर आणि कंट्रोलर या तिघांची भाषा एकच आहे का, हे खरेदीआधी विचारावे. नंतर जुळवू म्हटले, की तिन्हींपैकी एक तरी बदलावे लागते.

समतोल साधण्याचा वेगही विचारावा. साध्या बीएमएसमध्ये जास्त भरलेल्या सेलमधली वीज अगदी बारीक प्रवाहाने जाळून टाकतात. हा प्रवाह ०.१ अँपिअर असेल आणि दोन सेलमध्ये ५ अँपिअर-तासांचा फरक असेल, तर तो भरून यायला ५० तास लागतात. म्हणून पॅक बांधण्यापूर्वीच सगळे सेल एकसारखे भरून घेतले आहेत का आणि त्यांचा अंतर्गत रोध मोजून जुळवला आहे का, याची नोंद मागावी. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही: एलएफपीचा व्होल्टेज रिकामी होईपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती वीज उरली हे कळत नाही. आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजणारे बीएमएसच ते सांगू शकते आणि त्यालाही अधूनमधून बॅटरी पूर्ण भरून आपला हिशेब दुरुस्त करावा लागतो. बीएमएस हलक्या दर्जाचे असेल, तर काटा ३० टक्के दाखवत असताना गाडी ऐरोली पुलावर उभी राहते.

बीएमएसची ओळ लिहून झाली का? नसेल, तर पुढे वाचण्याआधी लिहा.

कायद्याची बाजू. आपल्याकडे हवे ते सेल आणून गाडीत बसवता येत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार रेट्रोफिट किटला, म्हणजे जुन्या गाडीत बसवायच्या इलेक्ट्रिक संचाला, एआरएआय किंवा आयसीएटीसारख्या वाहन-चाचणी संस्थेची मान्यता लागते, त्याचे निकष एआयएस-१२३ या वाहन मानकात आहेत आणि ते किट अधिकृत केंद्रातच बसवावे लागते. चारचाकीच्या बॅटरीच्या सुरक्षेसाठी एआयएस-०३८ चे सुधारित निकष आहेत. स्कूटरना लागलेल्या आगींनंतर ते डिसेंबर २०२२ पासून दोन टप्प्यांत आणखी कडक झाले. प्रमाणपत्रात आपल्या गाडीचे नेमके मॉडेल आहे का आणि त्यात लिहिलेली बॅटरी व बीएमएस तीच आपल्याला मिळते आहेत का, हे स्वतः वाचावे. मान्यता एका पॅकची आणि पुरवठा स्वस्तातल्या दुसऱ्याच पॅकचा, हा प्रकार बचत म्हणून पुढे केला जातो. तसे केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीत करावयाची इंधन-बदलाची नोंद अडते आणि विम्याचा दावाही धोक्यात येतो. गाडी एमएच-०४ ची असो वा एमएच-४३ ची, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओत जाऊन लागणाऱ्या कागदांची यादी घ्यावी.

पॅकच्या भोवतालचा खर्चही बॅटरीचाच समजावा. कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) आणि फ्यूज डीसीसाठी, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी, बनवलेलेच हवेत, कारण घरातल्या एसी विजेत प्रवाह दर आवर्तनात शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, तर डीसीत ती पेटतीच राहते. प्रीचार्जची, म्हणजे वीज जोडताना सुरुवातीचा प्रवाहाचा झटका रोखण्याची, सोय हवी. हाताने वीज तोडायचा स्विच हाताशी हवा. पेटी पाण्याला दाद न देणारी असावी आणि जमिनीपासून वर बसवलेली असावी. आपल्याकडे जुलैत एका तासात रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, आणि खाडीच्या खाऱ्या हवेने उघडी जोडणी लवकर गंजते. दिवे, हॉर्न यांना लागणारे बारा व्होल्ट मोठ्या बॅटरीतून मिळवायला डीसी-डीसी कन्व्हर्टर हवाच.

हे सगळे परवडते का, याचा हिशेब आयुष्यावर मांडावा. चांगले एलएफपी सेल भरण्या-उतरण्याच्या दोन हजार फेऱ्या सहज देतात, पण वर्षाला १५,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत फेऱ्या संपण्याआधी वय आणि उष्णता आपले काम करतात. म्हणून आठ वर्षे आणि १,२०,००० किलोमीटर धरावेत. वरचा पॅक किलोमीटरला सुमारे २ रुपये २७ पैसे पडतो. विजेचे आणखी सव्वा-दीड रुपया धरा. शंभराच्या वरचे पेट्रोल आणि कोंडीत लिटरला १५ किलोमीटर धरले, तर त्याचे सात रुपयांच्या जवळ होतात. फरक चांगला आहे, पण तो आठ वर्षे टिकला तरच, आणि टिकणे बीएमएसवर अवलंबून आहे.

चार्जिंगचे काम लवकर सुरू करावे. सोसायटीचे ना-हरकत पत्र, महावितरणकडून मंजूर भार, स्वतःच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत योग्य जाडीची केबल आणि पक्के अर्थिंग लागते. १६ अँपिअरचा सॉकेट पाणी चढणार नाही एवढ्या उंचीवर असावा. ३.३ किलोवॉटच्या चार्जरला रिकामी बॅटरी भरायला सुमारे पाच तास लागतात.

ताबा घेताना पॅक एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून क्षमता मोजून घ्यावी आणि शेवटी प्रत्येक सेलचा व्होल्टेज लिहून घ्यावा. वॉरंटी वर्षांत आणि उरलेल्या क्षमतेच्या टक्क्यांत, दोन्ही प्रकारे लिहिलेली असावी. आठ वर्षांनी तीच मान्यताप्राप्त बॅटरी मिळेल का आणि जुनी कोण परत घेईल, हे विचारावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. विमा कंपनीला बदल लेखी कळवावा.

आणि बीएमएसचे सॉफ्टवेअर, त्याचा पासवर्ड आणि तारांचा नकाशा ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.