गाडी टोटल लॉस झाली, तर घासाघीस नेमकी कुठे करायची

मी एका बॉडी शॉपमध्ये क्लेमच्या टेबलावर बसते. गाडीचा चेंदामेंदा झालेला माणूस समोर आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, गाडी एकदम मेंटेन होती हो, आयडीव्हीपेक्षा थोडे जास्त बसवा ना." ते बसत नाहीत. आयडीव्ही, म्हणजे गाडी टोटल लॉस (दुरुस्तीपलीकडे) गेली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, पॉलिसी घेतानाच ठरते. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या शोरूम किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. चार ते पाच वर्षांच्या गाडीला तो 50 टक्के. पाच वर्षांनंतर तुम्ही आणि विमा कंपनी मिळून आकडा ठरवता. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता कमी यावा म्हणून तो खाली आणला असेल, तर त्याची किंमत आता मोजायची.

पण हाच नियम कंपनीलाही बांधतो. "बाजारात या मॉडेलला एवढे येत नाहीत" म्हणून कमी रक्कम सांगितली, तर ऐकून घेऊ नका. टोटल लॉससाठी आयडीव्ही हीच पूर्ण पॉलिसी काळात बाजारभाव धरायची, त्यातून आणखी घसारा कापायचा नाही, असं पॉलिसीच्या अटींतच छापलेलं असतं. ते कलम उतरवून ईमेल करा. एवढं पुरतं.

खरी ओढाताण होते ती 75 टक्क्यांच्या रेषेवर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की टोटल लॉस. मेख अशी, की सर्व्हेअर (नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला माणूस) सहसा गॅरेजचं एस्टिमेट जसंच्या तसं धरत नाही, पॉलिसीप्रमाणे कापून धरतो. समजा, साडेचार वर्षांची गाडी, आयडीव्ही 4,00,000. रेषा 3,00,000 वर. आमचं एस्टिमेट 3,40,000. तुम्हाला वाटतं, झालं काम. मग सर्व्हेअर धातूच्या पार्टवर 35 टक्के, प्लॅस्टिक-रबरवर 50 टक्के कापतो आणि हिशेब 2,60,000 वर येतो. गाडी दुरुस्तीत गेली, आणि वरचे 80,000 तुमच्या खिशातून. झिरो डेप (पार्टवर घसारा न कापणारं जादा कव्हर) असेल तर ही कापाकापी टळते आणि रेषा लवकर ओलांडली जाते.

म्हणून गाडी नीट उघडल्याशिवाय एस्टिमेट पक्कं होऊ देऊ नका. "सर्व्हेअरसमोर डिसमँटल करा" असं गॅरेजला लेखी सांगा. आणि स्वतः येऊन उभे राहा, चहा आम्ही देऊ. बॉनेट वर करून अ‍ॅप्रनच्या (पुढच्या चाकावरच्या आतल्या पत्र्याच्या) कडेला मोबाइलचा टॉर्च आडवा मारा. रंगाला बारीक सुरकुत्या दिसल्या, स्पॉट वेल्डिंगच्या ठिपक्यांपाशी सीलंट फाटलेलं दिसलं, की आतला पत्रा सरकलाय. त्याचा फोटो काढा. समोरचा बंपर आणि दिवे सगळ्यांनाच दिसतात. लाँग मेंबर (सांगाड्याचा लांब दांडा), स्टिअरिंग रॅक, वायरिंग, एअरबॅग फुटल्यावर बदलावे लागणारे बेल्ट, हे पहिल्या एस्टिमेटमध्ये हमखास राहून जातं. राहिलेलं सप्लिमेंटरी, म्हणजे नंतरच्या पुरवणी एस्टिमेटमध्ये येऊ शकतं, पण तोवर दुरुस्तीला मंजुरी मिळून पत्रा कापायला घेतलेला असला, तर परत फिरणं अवघड.

टोटल लॉस ठरला, की दुसरी झटापट भंगाराच्या किमतीची. कंपनी अनेकदा "नेट ऑफ सॅल्व्हेज" देते, म्हणजे भंगाराची किंमत वजा करून उरलेली रक्कम. भंगाराला बोली येते, समजा 1,20,000. कंपनी तुम्हाला 4,00,000 मधून ती आणि सक्तीची वजावट (1500 सीसीपर्यंत 1,000 रुपये) काढून 2,79,000 देणार, उरलेले भंगारवाल्याकडून घ्या म्हणणार. कागदावर बेरीज बरोबर आहे. मात्र बोली जुनी झाली आणि तो माणूस गाडी बघून "90 च्या वर नाही देणार" म्हणाला, की 30,000 चा खड्डा तुमचा. त्यामुळे होकार द्यायच्या आधी हा ईमेल पाठवा:

"भंगाराची 1,20,000 ही किंमत ज्या बोलीवर धरली, ती देणाऱ्याचं नाव आणि बोलीची मुदत कळवावी. त्या किमतीला खरेदीदाराने गाडी न उचलल्यास वजावट प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेइतकीच धरावी, किंवा कंपनीने भंगार स्वतः ताब्यात घेऊन पूर्ण रक्कम द्यावी."

सोबत तुम्ही स्वतः मिळवलेल्या दोन-तीन लेखी बोली जोडा. ईमेलला वजन येतं. बोली आरसीसकट आहे की आरसी रद्द करून, हेही विचारा. दोन्हींच्या किमतीत बराच फरक पडतो. मला विचाराल तर थोडे कमी आले तरी आरसी रद्द करून घ्यावी. भंगारातल्या गाडीचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवायचा धंदा जुनाच आहे. आरसीसकट देणारच असाल, तर मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 कोरे सही करून देऊ नका. नाव बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केलं आहे. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात. हप्ते थांबवू नका. रिटर्न टू इन्व्हॉइस (टोटल लॉसमध्ये गाडीच्या मूळ बिलाइतकी रक्कम देणारं जादा कव्हर) घेतलं असेल तर त्याची आठवण तुम्हीच करून द्या, समोरून कुणी काढत नाही.

शेवटी डिस्चार्ज व्हाउचर येतं, म्हणजे रक्कम मान्य, दावा मिटला असा सहीचा कागद. रक्कम पटली नसेल, तर "हक्क राखून, नाराजीने स्वीकारत आहे" असं लिहून सही करा, आणि कारणाचा ईमेल त्याच दिवशी टाका. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागा.

तरी हललं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांची तक्रार चालते. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. फायलीत वरचे फोटो, दोन्ही एस्टिमेटं, सर्व्हे रिपोर्ट आणि भंगाराचा तो ईमेल तारखेप्रमाणे लावा. फोनवर झालेलं बोलणं तिथे कामाला येत नाही.