उन्हाळ्यात आंबवलेल्या भाज्या लिबलिबीत होऊ नयेत म्हणून

मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडला की मिठाच्या पाण्यातली गाजर-मुळ्याची बरणी दोन दिवसांतच मऊ पडते, वास मारते. आमच्याकडे लागोपाठ तीन बरण्या उकिरड्यावर गेल्या. मग बरणी माठासारखी गार ठेवायला लागलो आणि चौथी जमली.

१. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ३० ग्रॅम खडेमीठ विरघळवा. मीठ वजनानेच घ्या, चमच्याचा अंदाज हमखास चुकतो.
२. गाजर, मुळा, कोवळं वाळूक यांच्या फोडी, चार लसूण पाकळ्या बरणीत भरा. वरून छोटी वाटी दाबून ठेवा, एकही फोड पाण्याबाहेर नको.
३. बरणी पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओलं सुती फडकं गुंडाळा. त्याचं टोक परातीतल्या पाण्यात बुडू द्या. जागा माठाशेजारची, वारा लागेल अशी.
४. झाकण सैल ठेवा. तिसऱ्या दिवशी चव बघा. फोड कुरकुरीत, पाणी गढूळ आणि आंबूस लागलं की फ्रीजमध्ये.

पोटासाठी खायचं तर गरम करू नका, त्यातले जिवाणू मरतात. व्हिनेगरचं लोणचं याची जागा घेत नाही. पहिला आठवडा भाकरीसोबत एक-दोन फोडीच घ्या. एकदम वाटीभर खाल्लं की पोट फुगतं. फायदा रोज थोडं खाण्यात आहे. २०२१ च्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात निरोगी माणसांनी दहा आठवडे आंबवलेले पदार्थ खाल्ले, तेव्हा आतड्यातल्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं.

रक्तदाब असेल तर मिठामुळे डॉक्टरांना आधी विचारा. हिरवी, काळी बुरशी दिसली तर अख्खी बरणी टाका.