गोष्टीतून इंग्लिश शिकवताय? मग या चुका टाळा

गोष्ट सांगून इंग्लिश शिकवायचं हे आता बऱ्याच शिक्षकांना पटलंय, ट्रेनिंगमध्येही सांगतात, व्हिडिओ तर ढिगाने आहेत. पण वर्गात बऱ्याचदा होतं काय की मॅडम किंवा सर पुस्तक उघडतात, एक वाक्य इंग्लिशमध्ये वाचतात, लगेच त्याचा अर्थ सांगतात, मग पुढचं वाक्य, परत अर्थ, शेवटी तात्पर्य आणि मग "चला, प्रश्नोत्तरं लिहून घ्या". हा नेहमीचा धडाच झाला, फक्त त्यात कावळा किंवा ससा आहे एवढंच. गोष्टीचा उपयोग होतो कारण ऐकणाऱ्याला पुढे काय झालं ते कळून घ्यायचं असतं आणि त्या नादात तो इंग्लिश ऐकत राहतो. तो नाद आपणच मोडला तर मग गोष्ट निवडायचं कारणच उरत नाही. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या बहुतेक या एका कारणाने होतात.

दर वाक्याला अर्थ सांगणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे आणि चांगल्या हेतूने केलेली असते, मुलांना समजावं म्हणूनच. पण मुलाच्या बाजूने बघा ना, इंग्लिश वाक्य झालं की दोन सेकंदात आपल्या भाषेत अर्थ येणारच आहे हे त्याला एकदा कळलं की तो इंग्लिशकडे लक्ष कशाला देईल? तो अर्थाची वाट बघत बसतो. तास संपतो तेव्हा त्याला गोष्ट पूर्ण येत असते, इंग्लिशचा एक शब्दही नाही.

मग याच्या उलटं टोक गाठणारेही आहेत, की वर्गात आपल्या भाषेचा एक शब्दही नको. मुलं बिचारी तोंडाकडे बघत राहतात आणि आपण तेच वाक्य अजून मोठ्याने म्हणतो. मोठ्याने म्हटलं म्हणून समजत नाही हो.

मधला रस्ता सोपा आहे. गोष्टीत ज्या तीन-चार शब्दांवाचून काहीच कळणार नाही ते आधी फळ्यावर लिहा, शेजारी आपल्या भाषेतला अर्थ लिहा, एकदा सांगा आणि मग गोष्ट इंग्लिशमध्येच सुरू करा. तो शब्द आला की फक्त फळ्याकडे बोट. बाकीचं काम चित्र, हातवारे आणि आवाज करतात. मधेच सगळ्यांचे चेहरे कोरे दिसले तर तेवढा एक शब्द आपल्या भाषेत सांगा आणि पुढे चला, त्यात काही पाप नाही.

गोष्ट सोपी न करता सांगणं

अमेरिकन भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८० च्या दशकात मांडलेला मुद्दा असा की भाषा येते ती समजेल असं ऐकून आणि वाचून. यातला "समजेल असं" हा भाग आपण सोयीने विसरतो. हू आणि नेशन या संशोधकांनी २००० साली वाचनाचा अभ्यास केला, त्यात कोणाच्याही मदतीशिवाय कथा नीट समजायला १०० पैकी साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात असं दिसलं. हे वाचनाचं झालं, आपण सांगताना चित्र आणि हातवारे असतात म्हणून थोडी सूट मिळते, तरीसुद्धा एका वाक्यात तीन नवे शब्द असतील तर गोष्ट तिथेच बसली.

तहानलेल्या कावळ्याचीच गोष्ट घ्या. पुस्तकात वाक्य असतं "वन स्कॉर्चिंग आफ्टरनून अ वेअरी क्रो वॉन्डर्ड इन सर्च ऑफ वॉटर". वाचायला छान, नवशिक्याला मात्र यातलं फक्त क्रो आणि वॉटर कळणार. हेच असं सांगा: "देअर वॉज अ क्रो. इट वॉज व्हेरी हॉट. द क्रो वॉन्टेड वॉटर. द क्रो वेन्ट टू अ हाऊस. नो वॉटर! द क्रो वेन्ट टू अ गार्डन. नो वॉटर! द क्रो वेन्ट टू अ स्कूल..." आणि इथे थांबा. हात पसरून मुलांकडे बघा फक्त. कोणीतरी "नो वॉटर!" म्हणतंच, मग दुसऱ्या वेळी अर्धा वर्ग म्हणतो. कोणी सांगितलं नव्हतं बोला म्हणून, तरी मुलं इंग्लिश बोलली, आणि बरोबर जागी बोलली.

म्हणून गोष्ट निवडताना तात्पर्य काय आहे ते नंतर बघा, आधी बघा की एखादं वाक्य तीन-चार वेळा परत येतंय का. येत नसेल तर आपणच घालायचं, मूळ गोष्टीत कावळा शाळेत गेला नव्हता म्हणून कोणी विचारायला येत नाही.

एकदा सांगून पुढच्या गोष्टीकडे पळणं

दर आठवड्याला नवी गोष्ट हवी असं आपल्याला वाटतं कारण आपण कंटाळलेलो असतो, मुलं नाही. एकदा ऐकून शब्द डोक्यात राहत नाही, तो पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. पण तीच गोष्ट तशीच परत सांगितली तर कंटाळा येणार हेही खरं, म्हणून काहीतरी बदलायचं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चुकीची सांगा, "द क्रो वॉन्टेड आइसक्रीम", आणि बघा वर्ग कसा उसळतो, नो नो वॉटर वॉटर! तिसऱ्या वेळी कावळ्याच्या जागी हत्ती घ्या आणि हत्तीची सोंड त्या मडक्यात जाईल का हे मुलांना ठरवू द्या.

यातली अजून एक युक्ती आहे ती कॅलिफोर्नियात स्पॅनिश शिकवणाऱ्या ब्लेन रे यांच्या पद्धतीतली. त्यांनी जेम्स अॅशर यांच्या कृतीतून भाषा शिकवण्याच्या पद्धतीला गोष्टीची जोड दिली. युक्ती अशी की एकच वाक्य घ्यायचं आणि त्याच्याभोवती प्रश्नांचा फेर धरायचा. "डिड द क्रो वॉन्ट वॉटर?" येस. "डिड द क्रो वॉन्ट मिल्क?" नो. "डिड द क्रो वॉन्ट वॉटर ऑर मिल्क?" वॉटर. "हू वॉन्टेड वॉटर?" क्रो. चार प्रश्नांत तेच शब्द किती वेळा कानावर पडले बघा, आणि मुलाला एका शब्दात उत्तर देऊन बरोबर ठरता आलं. फक्त दर वाक्याला हे करू नका, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही आणि मुलं वैतागतात. दोन-तीन महत्त्वाच्या जागा पुरे.

गोष्ट संपली की परीक्षा सुरू

"व्हाय डिड द क्रो ड्रॉप स्टोन्स इनटू द पॉट?" असा प्रश्न आला की वर्ग गप्प. आणि आपला निष्कर्ष काय, तर मुलांना गोष्ट कळली नाही. अहो कळलीये, पण एवढं मोठं वाक्य बोलता येत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजलं का ते बघायचं असेल तर बोलायला न लावता बघा, चार चित्रं उलटसुलट देऊन क्रमाने लावायला सांगा, नाहीतर चित्र काढायला सांगा, नाहीतर तुम्ही वाक्य बोला आणि मुलांनी अभिनय करावा. हो-नाहीचे प्रश्न आधी, मग हे का ते, मग कोण-कुठे, आणि व्हाय अगदी शेवटी. व्हायचं उत्तर कोणी आपल्या भाषेत दिलं तर "येस!" म्हणून तेच उत्तर इंग्लिशमध्ये सांगून टाकायचं.

याच्याच जोडीला "आता तू सांग गोष्ट" ही घाई. ऐकणं भरपूर झाल्याशिवाय बोलणं येत नाही, आणि एकट्याला सगळ्यांसमोर उभं केलं की जे येत होतं तेही जातं. आधी सगळ्यांनी मिळून, मग जोडीजोडीने, मग ज्याला हौस असेल त्याने पुढे यावं. आणि तो बोलत असताना कृपा करून मधे अडवू नका. मुलगी म्हणाली "क्रो गो हाऊस, नो वॉटर", तर "गो नाही, वेन्ट म्हण" असं करायचं नाही, तिच्याकडे बघून खरंच उत्सुकतेने म्हणायचं "ओह, द क्रो वेन्ट टू द हाऊस! अँड देन?" तिला बरोबर रूप ऐकायला मिळालं, गोष्टही थांबली नाही. पास्ट टेन्सचा तक्ता मधेच फळ्यावर काढण्याबद्दल तर वेगळं लिहायलाच नको, व्याकरण घ्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी याच गोष्टीतली वाक्यं घेऊन करा.

वर्गात अडलं तर

मुलं गोंधळ घालत असतील तर नव्वद टक्के वेळा गोष्ट अवघड किंवा लांब झालीये असं मी तरी समजते, शिस्तीचा प्रश्न नंतर. आवाज वाढवण्यापेक्षा कमी करा आणि मधला एक प्रसंग गाळून टाका.

एकच हुशार मुलगा सगळी उत्तरं देत असेल तर उत्तर तोंडाने नको, हाताने मागा, हो असेल तर अंगठा वर, नाही तर खाली. मागच्या बाकावरच्यांना कळतंय की नाही तेही लगेच दिसतं.

मोठ्या मुलांना किंवा प्रौढांना प्राण्यांच्या गोष्टी बालिश वाटतात आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना चुकलेली बस, हरवलेला फोन, इंटरव्ह्यूला उशीर असं काहीतरी द्या, वाक्यं तितकीच सोपी ठेवा. नायकाचं नाव, तो कुठे चाललाय, का घाबरलाय हे त्यांनाच विचारून ठरवा, आपण सुचवलेलं गोष्टीत आलं की माणूस कान देऊन ऐकतो.

आणि ज्यांना वाटतं की माझंच इंग्लिश कच्चं आहे, मी काय गोष्ट सांगणार, त्यांना मनापासून सांगते की सोप्या वाक्यांत सांगायला तुम्हाला बरंच आधीच येतंय. पूर्ण गोष्ट पाठ करू नका, एक शब्द विसरला की सगळं कोसळतं. पहिलं वाक्य, परत परत येणारं वाक्य आणि शेवटचं वाक्य एवढं पक्कं करा, मधले प्रसंग एका कागदावर पाच-सहा छोट्या चित्रांत काढून टेबलवर ठेवा. एखाद्या शब्दाच्या उच्चाराची खात्री नसेल तर आदल्या दिवशी मोबाईलवर ऐकून घ्या. मग घरी एकदा मोठ्याने सांगून बघा, जिथे अडखळाल ते वाक्य अजून लहान करा.